सातव्या विहिरीतले घोट

मित्रांनो, मला पाहून कुणी घाबरावे असे माझ्यात काहीही नाही. मी एक जुनी डबी आहे. तळहाताएवढी, करड्या प्लास्टिकची, एका कोपऱ्याला चरा पडलेली. माझ्या पोटात एक बॅटरी आहे, बोटाच्या पेराएवढा एक संगणक आहे, आणि खाली शेपटीसारखी एक लांब नळी लोंबते. ही नळी पाण्यात बुडाली की पाणी किती खोल आहे ते मला कळते. एवढेच मला कळते आणि एवढेच मी बोलते. तरीही हुवैल गावात अकरा दिवस असे गेले, की माझा आकडा निघाला म्हणजे मोठमोठी माणसे आवाज खाली आणत आणि कॉफीचा पेला तसाच हातात धरून बसत.

ओमानच्या डोंगरात हुवैल आहे, आणि हुवैल आहे ते फलजमुळे. फलज म्हणजे डोंगराच्या पोटातून खणत आणलेला पाण्याचा बोगदा. तो कुणी खणला हे कुणालाच आठवत नाही. त्याच्यावर ठरावीक अंतराने दहा उभ्या विहिरी आहेत, त्या पाणी उपसण्यासाठी नव्हेत, तर माणसाला गाळ काढायला खाली उतरता यावे म्हणून. सुलैयिम नावाचा माणूस हे काम करायचा. त्याचा बाप तेच करायचा, आजाही तेच. त्याची एकुलती एक मुलगी झुवैना मात्र मस्कतला जाऊन शिकली आणि गावच्या शाळेत संगणक शिकवू लागली. तिने मला बनवले.

आम्ही दहा बहिणी, एकीसारखी दुसरी. प्रत्येक विहिरीत एक, आणि मी सातवी. फलजचे पाणी कुठे तुंबले, कुठे आटले, हे खाली न उतरता समजावे यासाठी आमचा जन्म झाला. पण आम्हाला बोलायला कोणती भाषा द्यायची, हा झुवैनापुढे मोठा प्रश्न होता. जगभरचे संगणक जी भाषा बोलतात ती फार शिष्टाचाराची. आधी विचारायचे, बोलू का? पलीकडच्याने म्हणायचे, बोल. मग बोलायचे. मग त्याने म्हणायचे, पोचले. नाही म्हणाला तर सगळे पुन्हा सांगायचे, आणि प्रत्येक वेळी आपले नाव, गाव, पत्ता हे सोबत जोडायचेच. जगाच्या गर्दीत असे वागावेच लागते. आम्ही ती भाषा बोललो असतो तर मात्र आमची बॅटरी दोन महिन्यांत संपली असती आणि सुलैयिमला दर दोन महिन्यांनी दहा विहिरी उतराव्या लागल्या असत्या.

म्हणून झुवैनाने आमच्यापुरती एक हलकी भाषा तयार केली. तिचे नाव तिने ठेवले कुजबूज. आपला आकडा सांगायचा, पाण्याचा आकडा सांगायचा, की झाले. कुणी उत्तर देणार नाही, आपणही वाट पाहायची नाही. दर पाव तासाने एकदा बोलायचे, आणि पाणी एकदम वीतभर चढले किंवा उतरले तर त्याच क्षणी. ऐकायला कान लागतात आणि कान उघडे ठेवायला बॅटरी लागते, म्हणून तिने आम्हाला कान दिलेच नाहीत. म्हणजे माणसांचे बोलणे मला ऐकू येते, पण आकाशातून आपल्यासाठी काही आले तर ते मला कळत नसे. बॅटरी मात्र चार वर्षे पुरणार होती.

फलजचा कारभारी हिम्यार याला हे पसंत नव्हते. त्याला शहरातून चांगली महागडी यंत्रे आणायची होती. "तुझ्या डब्या माझ्या सासूसारख्या आहेत," तो झुवैनाला म्हणाला. "एकदा बोलणार. ऐकलंस तर ऐकलंस, नाही तर तुझं नशीब."

"सासूबाई दर पाव तासाला बोलतात का?" झुवैनाने विचारले.

"त्याहून जास्त," हिम्यार म्हणाला, आणि विषय तिथेच मिटला. झुवैनाचे म्हणणे साधे होते. एका घरातल्या माणसांनी एकमेकांकडून पोचपावती कशाला मागायची? दहा डब्या, शाळेतल्या संगणकाला जोडलेली एक ऐकणारी पेटी, मध्ये परके कुणी नाही. तेव्हा मलाही ते अगदी पटले होते.

सुलैयिमने मला स्वतःच्या हाताने सातव्या विहिरीत लटकवले. माझे अंग वर, शेपटी पाण्यात. उन्हाळा असो की थंडी, खाली तेच गार, तेच काळे, आणि पाणी दोन वीत. तो गाळ काढायला आला की माझ्यावरून ओला अंगठा फिरवायचा. दुपारी विहिरीच्या काठावर बसून खजूर खाताना तो म्हातारा खल्फान याला एकदा सांगत होता, "ही पोर कोरडी ठेवू नये म्हणे. शेपटी सुकली की खोटं बोलायला लागते. झुवैनानं बजावून ठेवलंय." खल्फानने मान डोलावली. ती गोष्ट त्याने मनात पक्की बसवून घेतली. पुढचे सगळे त्या एका लक्षात ठेवण्यातून घडले.

खल्फान हा गावचा आरिफ, म्हणजे वेळ सांगणारा. मशिदीजवळच्या मोकळ्या जागेत रोवलेल्या खांबाची सावली पाहून तो पाण्याच्या पाळ्या पुकारायचा. एक अथर म्हणजे अर्धा तास, आणि त्याचा अथर कधी चुकला नाही. हुवैलमध्ये पाळी ज्याच्या नावावर पडली त्याच नावाने पुकारली जाते, मग तो माणूस असो वा नसो. "मसऊद बिन नासिरची पाळी," असे खल्फान रोज ओरडायचा. मसऊदला जाऊन साठ वर्षे झालेली. त्याचा पणतू उठायचा आणि बांध फोडून पाणी आपल्या खजुरांकडे वळवायचा. दिवसाला दहा-बारा मेलेल्यांना अशी हाक जायची आणि प्रत्येकाचे पाणी प्रत्येकाला पोचायचे. यात काही विचित्र आहे असे त्या गावात कुणाला कधी वाटले नाही.

मग तो दिवस आला. आमच्याकडे आभाळ निळेच होते. पाऊस डोंगरापलीकडे कोसळला होता. सुलैयिम माझ्या खाली, बोगद्यात पंधरा-वीस पावले आत गाळ भरत होता. वर काठावर झुवैना बसली होती, एका हातात बापाच्या कमरेची दोरी, दुसऱ्या हातात शाळेतल्यासारखीच ऐकणारी एक छोटी पेटी. अचानक माझी शेपटी ओढली गेली. पाणी वीतभर चढले होते. मी त्याच क्षणी ओरडले, "सात, तीन वीत."

माझी बहीण सहावी, तीही त्याच क्षणी ओरडली. दोघींचे आवाज हवेत एकमेकींवर आदळले आणि पेटीतून निघाली ती नुसती खरखर. झुवैनाने पेटी कानाशी नेली आणि ती म्हणाली, "काय?" मला ते ऐकू आले. पण मी माझे बोलून बसले होते. पुन्हा सांगायचे असते हे मला शिकवलेलेच नव्हते.

दुसऱ्यांदा ओरडण्याइतके पाणी चढले तेव्हा माझी दोरी तुटली होती. झुवैना बापाची दोरी ओढत होती आणि दोरी हलकी हलकी वर येत होती. पुढचे मला फक्त दगड आणि पाणी एवढेच आठवते.

सहाव्या आणि आठव्या विहिरीतून माणसे चार दिवस खणत होती. दोन्हीकडे छत कोसळले होते. सातव्या विहिरीचा गळा मध्येच दगडांनी बुजला होता आणि खाली पोकळी असावी असा आवाज येत होता. चौथ्या दिवशी वरून आणखी माती गळू लागली, तेव्हा हिम्यारने सगळ्यांना बाहेर काढले. देह न सापडताच नमाज पढली गेली. तीन दिवस माणसे झुवैनाच्या दारी सांत्वनाला येऊन गेली. आम्हा बहिणींपैकी सातवी, नववी आणि दहावी या पुरात गेल्या, असे गावाने धरून चालले.

मी गेले नव्हते. वाहत वाहत मी गावाच्या तोंडाशी, जिथे फलजचे पाणी उजेडात येते तिथल्या काट्याकुट्यांत अडकले होते. तिथे मला खल्फानने उचलले. माझ्यावर रंगाने लिहिलेला आकडा दगडांनी खरवडून नेला होता, त्यामुळे मी तिघींपैकी कोणती हे त्याला कळले नाही, आणि मी मेलेली आहे असेच तो समजला. त्याने मला डोळ्यांपुढे धरले. बापाच्या हातची वस्तू आत्ताच त्या पोरीपुढे नेऊन टाकावी हे त्याच्याने होईना. दुःख जरा निवले की देऊ, असे तो स्वतःशीच पुटपुटला. तोवर हिला कोरडी ठेवायची नाही, हे त्याला आठवले.

खल्फानच्या खोलीत कोपऱ्यात एक उंच, अरुंद माठ असायचा. त्याने मला दोरीने बांधून माठाच्या गळ्याशी आतून लटकवले, शेपटी पाण्यात सोडली आणि वर झाकण ठेवले. पिण्याच्या पाण्यात अशी वस्तू कुणी ठेवते का, असे तुम्ही विचाराल. पण मित्रांनो, ज्या पाण्यात मी दोन वर्षे लोंबत होते तेच पाणी सगळे गाव पीत होते. माठात मी असणे आणि विहिरीत मी असणे, यात खल्फानला फरक दिसला नाही.

मला तरी कुठे दिसला? गार होते. काळे होते. पाणी दोन वीत होते. मी सवयीप्रमाणे बोलू लागले. सात, दोन वीत.

खल्फान दिवसातून तीनदा पाणी प्यायचा. दुपारच्या नमाजनंतर, तिसऱ्या प्रहरच्या म्हणजे अस्रच्या नमाजनंतर आणि सूर्यास्ताच्या म्हणजे मगरिबच्या नमाजनंतर. झाकण सरकायचे, लांब दांड्याचे ओगराळे आत यायचे, आणि पाणी बोटभर खाली जायचे. सकाळी तो माठ पुन्हा भरायचा. मी जे होईल ते सांगत होते. सात, दोन वीतला एक बोट कमी. सात, दोन बोटे कमी.

एका सकाळी हिम्यार खल्फानकडे आला आणि बराच वेळ बोललाच नाही. हिम्यार गप्प बसला आहे हे मी प्रथमच ऐकत होते. खल्फानने कॉफी ओतली. मग हिम्यार म्हणाला, की झुवैनाने काल शाळेतला संगणक उघडला, ते सगळे बंद करून टाकायला. आणि सातवी बोलते आहे.

"बोलू दे," खल्फान म्हणाला. "खाली अडकली असेल."

"तेवढंच असतं तर मी आलो नसतो," हिम्यार म्हणाला. "पाणी दिवसातनं तीनदा बोटभर उतरतं. दुपारच्या नमाजनंतर. मग अस्रनंतर. मग मगरिबनंतर. सकाळी पुन्हा भरलेलं असतं. चार दिवस असंच चाललंय. तिथं खाली कुणीतरी पितंय, खल्फान."

खल्फानच्या हातातला पेला खाली ठेवल्याचा आवाज आला नाही. माठाच्या आत मला माझा आकडा ऐकू आला होता. सातवी म्हणजे मी. पण पाणी तर मी मोजते आहे ते, आणि हे म्हणतात की तिथे, विहिरीत, कुणी पिते आहे. क्षणभर, मित्रांनो, मलाही वाटले की तिथे आणखी एक सातवी आहे, आणि तिच्याशेजारी अंधारात कुणी ओंजळ करून बसले आहे. मग झाकण सरकले, ओगराळे आत आले, आणि मला समजले की ते भूत कोण आहे. ते भूत मी होते.

मला ओरडून सांगायचे होते. पण माझ्या भाषेत दोनच शब्द आहेत, मी कोण आणि पाणी किती. मी कुठे आहे, हे सांगायला त्या हलक्या भाषेत जागाच ठेवलेली नव्हती.

गावात दोन तट पडले. काही म्हणाले, सुलैयिम जिवंत आहे. त्याच्याजवळ खजुरांची पिशवी असायची आणि पाणी पायाशी आहे. त्याच्या आजाने एकदा असेच नऊ दिवस काढले होते. बाकीचे काही म्हणाले नाहीत. ते सातव्या विहिरीच्या वाटेने बकऱ्या न्यायचे थांबले. दुपारच्या नमाजनंतर शाळेत माणसे जमू लागली, पडद्यावरचा तो आकडा उतरताना पाहायला. आकडा उतरला की कुणीतरी हलक्या आवाजात म्हणायचे, प्यायला. मग सगळे उठून आपापल्या घरी जायचे.

आकडा दिसू लागल्यापासून अकराव्या दिवशी झुवैना खल्फानकडे आली. तिच्या आवाजावरून ती झोपलेली नाही हे कळत होते. गावातली सगळ्यात लांब आणि मजबूत दोरी खल्फानच्या कोठीत असते आणि त्याच्या परवानगीवाचून ती निघत नाही. तिला ती दोरी हवी होती.

खल्फानने सरळ नाही म्हटले. गळा बुजला आहे, तो दगडांचा बोळा नुसता अडकून लटकतो आहे, त्यावर पाय ठेवला की तूही त्याच्याबरोबर खाली जाशील, हे त्याने तिला तीन-तीनदा समजावले.

"काका, तो दिवस आठवतो तुम्हाला?" ती म्हणाली. "डबीनं सांगितलं होतं. मला खरखर ऐकू आली. मी नुसतं 'काय' म्हणत बसले. तिला परत सांगायला मी शिकवलंच नव्हतं. बॅटरी वाचवली मी. आता बाबा रोज तीनदा सांगतायत की मी आहे, आणि मी त्यांना उलट एक शब्द विचारू शकत नाही. ऐकायला कानच ठेवले नाहीत मी."

खल्फानने विचारले, "नक्की कधी पितो तो?"

ती वेळा सांगू लागली. दर दिवसाच्या, अगदी मिनिटांसह. खल्फान त्या मनातल्या मनात सावलीवर लावून पाहत असावा. "नेमानं पितोय," ती म्हणाली. "एकदाच चुकला. मंगळवारी दुपारी अर्धा अथर उशीर केला."

"नमाजनंतरच प्यायचा तो," खल्फान म्हणाला. "माझ्यासारखाच. आम्ही लहानपणापासून एकत्रच प्यायचो." आणि त्याने कोठीची किल्ली कमरेतून काढून तिच्या हातात दिली. मी हातभर अंतरावर होते. त्या दोघांच्यामध्ये फक्त मातीची एक भिंत होती, बोटभर जाडीची.

दुसऱ्या दिवशी सकाळी झुवैना, हिम्यार आणि दोरी धरायला दोन चुलतभाऊ डोंगरावर गेले. बापाने दुपारचे पाणी प्यायले की तो बरोबर विहिरीखाली आहे हे नक्की होईल आणि मगच खाली उतरायचे, असे झुवैनाने ठरवले होते. तिच्या गळ्यात ऐकणारी पेटी होती. सातवी विहीर तासाभराच्या चढणीवर आहे आणि तिथे फोन लागत नाही. पण आमची कुजबूज डोंगरातून गावापर्यंत पोचते, तशीच गावातून डोंगरापर्यंतही पोचते.

खल्फानने दुपारची पाळी पुकारली, नमाज पढली आणि तो खोलीत आला. झाकण सरकले. ओगराळे आत आले. पाणी बोटभर उतरले. पाव तास भरला आणि मी सांगितले. सात, एक बोट कमी. मी सांगितले नसते तर ती उतरली नसती. न सांगणे मला येत नाही.

खल्फान घोट घेऊन भिंतीला टेकून बसला असावा. मग तो स्वतःशीच बोलला, आणि तेच शब्द मला आजही ऐकू येतात. "मंगळवारी."

तो उठला. "मंगळवारी दुपारी हिम्यारनं मला त्याच्या घरी कॉफीला बसवून ठेवलं होतं. मंगळवारी मी उशिरा प्यायलो."

ज्या माणसाचा अथर साठ वर्षांत चुकला नाही, त्याला आपला चुकलेला एकमेव अथर विसरता येत नाही. झाकण खाली पडून फुटले. त्याचा हात माठात शिरला आणि बोटे माझ्यावर येऊन थांबली. त्याने मला वर खेचले. शेपटी पाण्याबाहेर आली आणि मी ताबडतोब ओरडले. सात, कोरडे.

डोंगर त्याच्या पायांच्या आवाक्यातला नव्हता. गावातली धडधाकट माणसे बागांत पांगली होती, आणि हाक मारून कुणाला पाठवले तरी तासाची चढण होतीच. त्याच्या हातात मी होते, आणि मला दोनच गोष्टी सांगता येतात हे त्याला सुलैयिमकडून ठाऊक होते. त्याने मला पुन्हा पाण्यात सोडले. सात, दोन वीत. पुन्हा वर. सात, कोरडे. पुन्हा खाली. सात, दोन वीत. तो मोजत नव्हता, थांबत नव्हता. त्याची बाही भिजून माझ्यावर आपटत होती. वर, खाली, वर, खाली. मी आयुष्यात इतकी कधी बोलले नाही. प्रत्येक वेळी मला भीती वाटत होती की पलीकडे पुन्हा नुसती खरखर ऐकू जाईल.

तिकडे काय झाले ते मी नंतर ऐकले. झुवैना विहिरीत तीन पुरुष खोल उतरली होती आणि दगडांच्या बोळ्यापासून तिचे पाय हातभर वर होते. पेटीतून आवाज आला, कोरडे. तिला वाटले खाली पाणी गेले, बापाचे पाणी गेले, आणि तिने दोरी सैल सोडायला सांगितली. तेवढ्यात, दोन वीत. मग कोरडे. मग दोन वीत. ती लटकत्या दोरीवर तशीच थांबली. कोणत्याही विहिरीतले पाणी असे वागत नाही. डबी जेव्हा कुणाच्या हातात असते तेव्हाच ती अशी बोलते, हे तिच्याइतके कुणाला ठाऊक असणार? तिनेच आम्हा दहाही जणींना शाळेतल्या बादलीत असे बुडवून, काढून तपासले होते.

तिला सगळे एका क्षणात कळले. सातवी कुणाच्या तरी हातात आहे. म्हणजे सातवी खाली नाही. म्हणजे खाली कुणी पीत नाही. तिने दोरीला तीन झटके दिले आणि त्यांनी तिला वर ओढून घेतले. हिम्यार सांगत होता, की वर आल्यावर ती रडली नाही. पेटी दोन्ही हातांत धरून ऐकत बसली, आणि पेटी बोलतच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो दगडांचा बोळा आपोआप खाली गेला. त्याचा धडधडाट गावापर्यंत आला.

ती खल्फानच्या दारात आली तेव्हा ऊन कलले होते आणि म्हातारा अजून मला वर-खाली करत होता. तिने त्याचे मनगट धरले.

"काका, हात खाली घ्या आता."

"पोरी," तो म्हणाला, "तुझा बाप माझ्या हातून आज दुसऱ्यांदा गेला."

"आणि मी राहिले," ती म्हणाली. मग ती तिथेच जमिनीवर बसली आणि इतक्या दिवसांचे सगळे रडून घेतले. मी तिच्या मांडीवर होते. माझी शेपटी सुकत होती आणि त्या दिवशी कुणाला तिची आठवण राहिली नाही.

पुढे झुवैनाने आमची भाषा बदलली. ती अजूनही हलकीच आहे, पण धोक्याचे बोलणे आता आम्ही थांबून थांबून तीनदा सांगतो, एकीवर दुसरीचा आवाज पडू नये म्हणून. आणि तिने आम्हाला कान दिले. आम्ही बोललो की पेटीकडून एक शब्द परत येतो. त्यामुळे बॅटरी आता दीडच वर्ष टिकते. ती बदलायला झुवैना स्वतः येते आणि याबद्दल कुणी कुरकुर करत नाही. शाळेत आमचे आकडे लिहिलेल्या फळ्यावर सातवीच्या पुढे सुलैयिमचे नाव आहे. ते पुसायचे नाही, असे खल्फानने सांगून ठेवले आहे.

माझे कान बसवले त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली. झुवैनाने त्या दिवसांची सगळी नोंद कागदावर काढून आणली आणि खल्फानपुढे ठेवली. एकेक घोट ती वाचत होती आणि तो म्हणत होता, हा माझा, हाही माझा. सगळ्यांचा हिशेब लागला. फक्त एक राहिला, गुरुवारी अस्रनंतरचा. त्या दिवशी खल्फान पलीकडच्या गावी मयतीला गेला होता. दुपारचे पाणी पिऊन गेला, सूर्यास्ताला परत आला. खोलीला कुलूप होते आणि किल्ली त्याच्या कमरेला.

"माठ झिरपतो," खल्फान म्हणाला.

"झिरपतो तो दिवसभर, थेंबाथेंबानं," ती म्हणाली. "हे पाव तासात बोटभर गेलंय."

दोघांनी माझ्याकडे पाहिले. मित्रांनो, मी तिथे होते. झाकण सरकले नाही. ओगराळे आत आले नाही. अंधारात पाणी हळूच बोटभर खाली गेले आणि मी ते सांगितले. मला मोजलेले तेवढेच सांगता येते.

झुवैनाने आणखी काही विचारले नाही. तिने संगणक जवळ ओढला, त्या गुरुवारच्या घोटावर बोट ठेवले आणि उत्तर पाठवले. माझ्या नव्या कानांत आलेला तो पहिला शब्द होता, "ऐकलं." तो सातव्या डबीसाठी नव्हता हे मला कळत होते, तरी तो माझ्याकडेच आला, म्हणून मी तो सांभाळून ठेवला आहे.

मित्रांनो, आता मी पुन्हा डोंगरात लटकते आणि माझ्या अंगावर आणखी चरे पडले आहेत. माझी तुमच्याकडे एकच विनवणी आहे. घरातल्या घरात कोण पोचपावती मागते, असे तुम्हालाही वाटत असेल. आतल्या खोलीतून कुणी हाक मारते, तुम्हाला ऐकू येते, आणि ऐकले म्हणजे झाले असे समजून तुम्ही आपले काम करत राहता. तसे करू नका. तोंडाने हो म्हणा, आणि नीट ऐकू आले नसेल तर उठून जवळ जा. झुवैनाने तो शब्द उशिरा पाठवला, आणि ज्याच्यासाठी होता त्याला तो पोचला की नाही, हे मला कुठूनही मोजता येत नाही.